सर्टिफिकेट येईल तेव्हा येईल, वर्गात आजपासून बदल करता येतो

दरवर्षी जानेवारी लागला की माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. मॅडम, मुलाला दहावीला रायटर (तो सांगेल तसं उत्तर लिहून देणारा लेखनिक) मिळेल का? मॅडम, एलडीचं (वाचन-लेखन-गणित शिकण्यातल्या अडचणीचं) सर्टिफिकेट कुठे काढतात, लगेच मिळतं का? मॅडम, मुलीला कमी दिसतं, पेपरला वेळ वाढवून मिळेल का? बोर्डाची परीक्षा पुढच्या महिन्यावर आलेली असते, फॉर्म कधीच भरून गेलेले असतात, आणि त्या मुलाची अडचण मात्र तिसरी-चौथीपासून सगळ्यांना दिसत असते. आईला दिसते, ट्यूशनवाल्या ताईंना दिसते, वर्गशिक्षकांनाही दिसते. पण सगळे थांबलेले असतात. शाळा म्हणते आधी कागद आणा मग बघू, आईवडील म्हणतात शाळाच काहीतरी सांगेल, आणि मूल मधल्या मध्ये मागच्या बाकावर बसून वर्षं काढतं.

मी नवी मुंबईत मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. माझी मुलं दिघा, रबाळे, तळवली, घणसोली गाव इथून येतात, बऱ्याच जणांचे आईवडील एमआयडीसीत नाहीतर घरकामाला. माझी स्पेशल एज्युकेशनची डिग्री नाही, मी साधी बीएड आहे. तरी हे लिहितेय, कारण माझ्यासारख्या साध्या बीएडवाल्यांच्याच वर्गात ही मुलं दिवसाचे पाच-सहा तास असतात. विशेष शिक्षक येतात, खूप मनापासून काम करतात, पण एकेकाकडे कितीतरी शाळा असतात. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. तो हवाच, त्यासाठी भांडायलाच हवं. पण तोवर मंगळवारच्या तिसऱ्या तासाला वर्गात उभी मीच असणार ना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कागदाचं काम आजच सुरू करा, आणि शिकवण्यातला बदल कागदासाठी अडवून ठेवू नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू राहू शकतात.

आधी कागदाचं सांगते कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला तेव्हा दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले, त्याआधी १९९५ च्या कायद्यात ७ च होते. एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता, ऑटिझम, थॅलेसेमिया, सिकल सेल हे सगळं आता त्यात आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर त्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा स्पेशल शाळेत, जिथे हवं तिथे. सर्टिफिकेटसाठी आता यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारने ठरवलेल्या हॉस्पिटलमध्ये तपासणी, मग कार्ड. एलडीची तपासणी मूल ८ वर्षांचं झाल्यावरच होते, पुढे १४ आणि १८ ला पुन्हा करावी लागते. हे १४ चं लक्षात ठेवा, कारण १४ म्हणजे आठवी-नववी, म्हणजे नेमकं दहावीच्या आधी. तिसरीत काढलेला कागद कपाटात जपून ठेवलाय म्हणून निश्चिंत राहिलेले पालक मी बघितलेत, आणि ऐन वेळी त्यांची जी धावपळ होते ती बघवत नाही.

एलडीसाठी आमच्याकडचे बरेच पालक सायन हॉस्पिटलला जातात. घणसोलीहून जायचं म्हणजे ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथून स्लो लोकल. आयक्यूची टेस्ट वेगळ्या दिवशी, वाचन-लेखनाची वेगळ्या दिवशी, डोळे-कान वेगळं, डॉक्टरांची भेट वेगळी, आणि गर्दी एवढी की पुढची तारीख लांबचीच मिळते. घरकाम करणाऱ्या बाईने एवढ्या सुट्ट्या घ्यायच्या म्हणजे पगार कापला जातो, कधीकधी कामच जातं. त्यामुळे एखादी आई दुसऱ्या तारखेनंतर गेली नाही तर तिला निष्काळजी म्हणू नका प्लीज. शाळेने एक करावं, मुलाच्या वह्यांचे झेरॉक्स, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि वर्गशिक्षकाने पानभर लिहिलेलं निरीक्षण असं एक फाइलमध्ये लावून आईच्या हातात द्यावं. तिथल्या डॉक्टरांना ते लागतंच, आणि ते जवळ असलं की निदान एक फेरी तरी वाया जात नाही.

नवी मुंबईत राहणाऱ्यांनी वाशीचं महापालिकेचं ईटीसी केंद्र जरूर बघून या. दिव्यांग मुलांसाठी शिक्षण, प्रशिक्षण, थेरपी, पालकांना मार्गदर्शन, सगळं एका ठिकाणी, आणि चालवते कोण तर महापालिका. ठाण्यात दिव्यांग मुलांसाठी महापालिकेची जिद्द शाळा आहे. मला नेहमी विचारतात की मुलाला नेहमीच्या शाळेत ठेवू का स्पेशलमध्ये घालू. ह्याचं एकच उत्तर नसतं हो. काही मुलं स्पेशल शाळेत खरंच फुलतात, पहिल्यांदा त्यांना आपल्यासारखं कोणी भेटतं. काही मुलं चाळीतल्या मित्रांबरोबर त्याच शाळेत राहिली की जास्त खूश असतात. फक्त शाळेने "आमच्याकडे जमणार नाही" म्हणून बाहेर काढलं आणि म्हणून स्पेशलला गेलं, असं व्हायला नको. आईवडिलांनी आणि मुलाने निवडून जावं.

आता वर्गाबद्दल. इथे मला खूप बोलायचंय.

मराठी वाचताना अडखळणारं मूल घ्या. डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या ह्या अडचणीची, सगळी माहिती बी आणि डी उलटं दिसतं अशी इंग्लिश अक्षरांची असते, त्यामुळे मराठी शाळेतल्या शिक्षकाला वाटतं आपल्याकडे असं काही नसेल. आहे ना! घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ख म्हणजे र आणि व. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर, हे आपल्या सवयीचं झालंय म्हणून आपल्याला कळत नाही किती विचित्र आहे ते. आणि र! प्रकाश मध्ये खाली, परावर्तन मध्ये डोक्यावर, राष्ट्र मध्ये टोपी उलटी करून खाली, तऱ्हा मध्ये अर्धा होऊन मधे. एकच अक्षर एवढ्या ठिकाणी फिरतं. माझ्या विज्ञानाच्या पहिल्याच ओळीत "प्रकाशाचे परावर्तन" आलं की त्या मुलाचा सगळा जीव ते वाचण्यातच संपतो, आरशाचं काय ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पण तोच मुलगा, मी तोंडी विचारलं की आपतन कोन ३० अंशाचा असेल तर परावर्तन कोन किती, तर इतरांच्या आधी ३० सांगतो. विज्ञान त्याला येतंय! अडतंय ते वाचण्यापाशी.

म्हणून मी वर्गचाचणीला प्रश्न मोठ्याने वाचून दाखवते, सगळ्या वर्गाला, म्हणजे कोणा एकाकडे बोट जात नाही. काही उत्तरं तोंडी घेते, मधल्या सुट्टीच्या आधीच्या दहा मिनिटांत. शुद्धलेखनाचे मार्क विज्ञानात कापत नाही, कोणाचेच नाही. आणि त्याला उभं करून धडा वाचायला लावत नाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यात सोपी आहे, काहीच करायचं नाहीये, फक्त एक गोष्ट करायची थांबवायची, आणि तेवढ्यानेसुद्धा मूल शाळेला दांड्या मारायचं कमी करतं हे मी बघितलंय.

गणितात आणखी एक आहे. आपण म्हणतो पंचवीस, म्हणजे आधी पाच ऐकू येतो मग वीस, आणि लिहायचं मात्र आधी २ मग ५. ज्या मुलाला आकड्यांचा गोंधळ आहे ते ऐकल्याप्रमाणे ५२ लिहितं. एकोणतीस तर आणखी अवघड, कारण त्यात तीस ऐकू येतं आणि लिहायचं २९. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस पाच, सत्तर दोन असं वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, टीव्हीवर चेष्टा, व्हॉट्सअपवर चेष्टा. तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की लहान मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो म्हणून हे केलंय. भाषेच्या वादात मला पडायचं नाही, पण माझ्या आठवीच्या वर्गात ज्या मुलांचा आकडा उलटा पडतो त्यांना मी आजही वीस पाच असं बोलून लिहायला सांगते आणि आकडा सरळ पडतो. चौकटीची वही द्या, एका चौकटीत एकच आकडा, म्हणजे हातचा घेताना दशक शतकाच्या खाली सरकत नाही. फळ्यावरून गणित उतरवायला लावू नका, छापील द्या किंवा शेजारच्याला लिहून द्यायला सांगा. उतरवण्यातच चूक झाली तर सोडवण्याचे मार्क कशाचे कापायचे?

कमी ऐकू येणाऱ्या मुलांचं वेगळं. कानाला मशीन लावलं म्हणजे आता ऐकू येतं, प्रश्न संपला, असं बहुतेकांना वाटतं. मशीन सगळंच मोठं करतं, पंख्याची घरघर, बाकांची सरकासरक, बाहेरून ठाणे-बेलापूर रोडचे ट्रक, सगळं. माझा आवाज त्यातलाच एक. मी फळ्याकडे तोंड करून बोलले की ओठ दिसत नाहीत आणि ते मूल तुटलं. म्हणून आधी लिहायचं, मग वळायचं, मग बोलायचं. मागून कोणी उत्तर दिलं तर ते मी पुन्हा बोलते, कारण मागचा आवाज त्या मुलीपर्यंत गेलेलाच नसतो. तिला पहिल्या बाकावर भिंतीच्या बाजूला बसवलंय, ज्या कानाला जास्त ऐकू येतं तो वर्गाकडे. हे बसवायच्या आधी तिलाच विचारा, कुठला कान चांगला ते तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. बॅटरीचे छोटे सेल आठवड्या-दोन आठवड्यात संपतात, एक जादा पाकीट वर्गशिक्षकाच्या ड्रॉवरमध्ये असू द्या. आणि जून-जुलैत आपल्याकडे हवेतच पाणी असतं, पोरं भिजून येतात, मशीनमध्ये ओल गेली की ते बंद पडतं. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायला आईला आवर्जून सांगा, हे दुकानदार सांगतो पण घाईत कोणाच्या लक्षात राहत नाही.

कमी दिसणाऱ्यांसाठी खर्च जवळजवळ शून्य आहे. प्रश्नपत्रिका ए-थ्रीवर मोठी झेरॉक्स, काळ्या पेनने जाड अक्षर, खिडकीचा उजेड फळ्यावर चमकत असेल तर जागा बदलणं, आणि फळ्यावर जे लिहाल ते तोंडाने बोलत लिहिणं. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करून वाचता येतं. शाळेत मोबाइलला बंदी असते म्हणून एचएम (मुख्याध्यापक) सरांकडून त्या एका मुलासाठी लेखी परवानगी घ्या, म्हणजे रोज नवीन शिक्षकाला समजावत बसावं लागत नाही.

व्हीलचेअर किंवा कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्टा) असलेलं मूल दहावीत गेलं आणि दहावीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर असतात, तर वर्ग खाली आणा. मुलाला उचलून वर न्यायचं हा उपाय नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला रोज कोणीतरी उचलायचं, तिला काय वाटत असेल? रॅम्प मोजून बघा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, त्याहून उभा असला तर तो रॅम्प चढता येत नाही आणि उतरताना पडायची भीती. आणि टॉयलेट. ह्याबद्दल कोणीच बोलत नाही. आत खुर्ची वळत नाही म्हणून सकाळी घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत पाणी न पिणाऱ्या मुली आहेत. भर एप्रिलमध्ये. आपण त्यांना अभ्यासात लक्ष नाही म्हणतो, डोकं दुखतंय तिचं.

आता रायटरबद्दल. दहावीला ज्यांना सवलत मंजूर होते त्यांना तासाला २० मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे दोन तासांचा गणिताचा पेपर दोन तास चाळीस मिनिटं आणि तीन तासांचा पेपर चार तास. आणि गरज असेल तर लेखनिक, तो खालच्या वर्गातला. मुंबई विभागाचं बोर्ड वाशीलाच आहे, शाळेमार्फत प्रस्ताव जातो, आणि तो वेळेत पाठवणं ही शाळेची जबाबदारी आहे, पालकांनी मागे लागायची वेळच यायला नको.

पण मंजुरी मिळाली म्हणजे झालं का? जन्मात कधी कोणाला सांगून लिहून न घेतलेल्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेत एकदम अनोळखी नववीतल्या मुलाशेजारी बसवलं तर तो काय सांगणार? सांगून लिहून घेणं हे शिकावं लागतं. आधी मनात वाक्य पूर्ण करायचं, मग बोलायचं, तो लिहीत असताना थांबायचं, मग पुढचं. त्रिकोण काढायचा असेल तर कुठल्या कोपऱ्याला कुठलं अक्षर ते सांगायचं. "मागचं वाचून दाखव" म्हणायची हिंमत लागते, आणि "मी असं नाही म्हटलं, खोड ते" म्हणायची तर त्याहून जास्त लागते. चार तास बसायचीही सवय लागते, पाठ दुखते, लघवीला जावं लागतं. शिवाय रायटर मिळणंच कठीण, कारण नववीतल्या मुलाची स्वतःची वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते आणि त्याच्या आईवडिलांना ते साहजिकच नको असतं. म्हणून आठवीच्या घटक चाचणीपासून ही सवय लावायची, सातवीतला मुलगा रायटर. लिहून देणाऱ्यालाही ह्यात काहीतरी मिळतं, दुसऱ्याचं उत्तर आपल्याला चुकीचं वाटलं तरी त्याने सांगितलं तसंच लिहायचं, हे साधं नाही.

एक गोष्ट गणिताची बाई म्हणून सांगते. एलडीवाल्यांना गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्यायचा पर्याय मिळतो. काही मुलांसाठी तो खरंच आधार आहे, त्याने दहावी होते आणि पुढचं शिक्षण सुरू राहतं. पण मूल वाचनात अडतंय आणि गणित डोक्यात पक्कं आहे अशा मुलाचंही गणित सुटून जातं, फक्त शाळेला निकालाची काळजी वाटते म्हणून. नंतर त्याला आयुष्यात पहिल्यांदा काही आवडलं, मोटरचं, वायरिंगचं, आणि डिप्लोमाला जायचं म्हटलं, तर गणिताचा पाया नाही म्हणून अवघड जातं. सही करायच्या आधी मुलाला विचारा, आणि गणित शिकवणाऱ्यालाही विचारा.

ह्या वर्षी आमच्या आठवी-नववीत मिळून पाच मुलं अशी आहेत. दोघांची सर्टिफिकेटं आहेत, एकाची तपासणी अर्धी झालीय, एका आईला मी अजून समजावतेय, ती म्हणते, "मॅडम, कागदावर लिहिलं की पोराला कायमचा शिक्का बसेल." मी तिच्याशी वाद घालत नाही, कारण तिने नातेवाइकांत काय काय ऐकलंय ते मला माहीत आहे. तिला एवढंच म्हटलं की ताई, कागदाचं तुम्ही ठरवा, सवड घ्या, पण ऑगस्टच्या चाचणीला मी त्याला प्रश्न वाचून दाखवणार आणि वेळ जास्त देणार, त्याला तुमची ना नाही ना? तिने मान हलवली. पाचवी मुलगी कॅलिपरवाली, तिच्यासाठी नववी ब चा वर्ग आम्ही तळमजल्यावर संगीताच्या खोलीत आणलाय, हार्मोनियम वर गेली.

सातवीतले चार जण रायटर व्हायला तयार झालेत. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवते त्यांना जोडीने. परवा एक जोडी भांडली, आठवीतला म्हणाला, "मॅडम, हा माझं उत्तर स्वतःच्या मनाने दुरुस्त करतोय, त्याला सांगा जे बोलतो तेच लिही." मी सातवीतल्याला तेच सांगितलं, आणि त्याने खोडून पुन्हा लिहिलं, जसं सांगितलं होतं तसं.